जावईबापूंची ‘सहज’

पंपांच्या त्या कारखान्याच्या वेबसाइटवरचा साधा फोन नंबर बदलायचा असला, तर आधी धाकट्या मुलाने तो लिहायचा, मग थोरल्याने तपासायचा, मग त्यांच्या वडिलांनी मान्य करायचा, आणि पानावर एखादा फोटो असलाच तर आईनेही त्यावर नजर टाकायची. यातल्या एकाने जरी ‘नामंजूर’चं बटण दाबलं, तरी नंबर पुन्हा धाकट्याकडे, पहिल्या पायरीवर. हे सगळं ज्या सिस्टिममधून चालायचं तिचं नाव होतं ‘सहज’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

‘सहज’चे कर्ते म्हणजे या घरचे जावई. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सासरेबुवांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत ते सगळ्यांचे जावईबापू. त्यांचं लग्न झालं आणि ज्या कंपनीत ते कॉम्प्युटरवर बसायचे तिने गाशा गुंडाळला. बायको आधीपासून वडिलांच्या कारखान्यात हिशेब सांभाळत होती, बिऱ्हाडही सासऱ्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर होतं. तेव्हा एका सोमवारी जावईबापू सगळ्यांबरोबर गाडीत बसून कारखान्यात आले, ते आलेच. पंपातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण जावई म्हणजे दशमग्रह, त्याला जा कसं म्हणणार?

त्याच सुमारास कारखान्याला वेबसाइट हवी होती. बाहेरची माणसं येऊन सांगून गेली की तयार सिस्टिम मिळते, ती बसवायची, आपला मजकूर भरायचा, झालं. जावईबापू खुर्ची पुढे ओढत म्हणाले, “बाबा, तयार सिस्टिम म्हणजे तयार कपडे. अंगात येतात, पण आपले वाटत नाहीत. मी घरीच शिवतो.”

सासरेबुवांना त्यातला ‘घरीच’ आवडला. गोदामाला लागून पंपांच्या जळक्या मोटारी ठेवायची खोली होती, तिच्यात टेबल लागलं, आणि महिन्याभरात जावईबापूंनी खरोखर काम करून दाखवलं. एक पान, त्यात लिहायला एक चौकट, खाली एक बटण. सासरेबुवांनी एका बोटाने पंपाचं नाव टाइप केलं, बटण दाबलं, आणि शेजारच्या पडद्यावर ते नाव उमटलं. त्यांना इतका आनंद झाला की ज्याला त्याला बोलावून ते दाबून दाखवत राहिले. जावईबापूंना हात टेकायची खुर्ची मिळाली.

पण काम संपलं, हीच पंचाईत झाली. रिकामे जावईबापू कारखान्यात फिरायला लागले. कारागिरांची हत्यारं वाटेल तिथे पडलेली पाहून त्यांचा जीव कळवळला, आणि एका दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून त्यांनी ती गोळा करून कपाटांत अक्षरांच्या क्रमाने लावून टाकली. क ला करवत, ह ला हातोडा. त्या दिवशी उरलेला वेळ कारखान्यात एक पंप झाला नाही, नुसती शोधाशोध झाली. संध्याकाळी फोरमन सासरेबुवांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा स्वतः गोदामाशेजारच्या खोलीत आले. “जावईबापू, बटण दाबलं की थेट जगाला दिसतं, हे काही बरं नाही. आधी मला दिसलं पाहिजे. होईल का तशी काही सोय?”

“होईल की!” जावईबापू म्हणाले, आणि लगेच खुर्ची वळवून कामाला लागले.

मग काय विचारता! बाबा बघणार म्हटल्यावर विक्री सांभाळणाऱ्या थोरल्या मेहुण्याला बाबांच्याही आधी बघायचं होतं. कारखाना सांभाळणारा धाकटा म्हणाला, पंप मी बनवतो, तर लिहिणार मीच. सासूबाईंनी निरोप धाडला की मला दाखवल्याशिवाय फोटो लावायचे नाहीत. प्रत्येक मागणीला जावईबापूंनी एक पायरी बांधली, पायरीला बटण लावलं, बटणाला रंग दिला, आणि रंग कुणाला बदलता येईल हे ठरवायला आणखी एक बटण केलं. बघता बघता घरातले मानपान जसेच्या तसे ‘सहज’मध्ये उतरले. थोरल्याने लिहिलेलं धाकट्याला खोडता येत नसे, धाकट्याने लिहिलेलं कुणालाही खोडता येई, आणि सासरेबुवांच्या मंजुरीशिवाय स्वल्पविरामही हलत नसे. एवढं जंजाळ समजणारा माणूस घरात एकच. कुठे काही अडलं की लोक म्हणायचे, “जावईबापूंना विचारा.” ते शब्द कानावर पडले की त्यांचा दिवस चांगला जायचा.

पुढे दोघा भावांचं फाटलं, तेव्हा तर ‘सहज’चं सोनं झालं. जुना जड पंप आता बंद करावा, असं धाकट्याचं म्हणणं. तोच तर खपतो, असं थोरल्याचं. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. मग थोरल्याने मागणी केली, “भाऊजी, नुसतं नामंजूर करून भागत नाही. का केलं ते लिहायला जागा द्या.” जावईबापूंनी ‘शेरा’ नावाची चौकट दिली. एका ऑफिसात, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघे भाऊ एकमेकांना शेरे पाठवायला लागले. मुलं फोनही उचलेनात म्हणून सासूबाईसुद्धा आपले निरोप त्यातच लिहायच्या. शेऱ्यांसाठी खरं तर वेगळी जागा करायला हवी होती. पण थोरल्याला घाई होती, म्हणून जावईबापूंनी तात्पुरती युक्ती केली. पंपाची माहिती जिथे ठेवलेली असे तिच्याच खाली चांदण्यांच्या चिन्हांची एक ओळ टाकायची, आणि त्या ओळीखाली शेरे. ‘सहज’ला सांगून ठेवलं, की चांदण्या दिसल्या की थांब, पुढचं गिऱ्हाइकाला दाखवू नकोस. तात्पुरत्या गोष्टींना मरण नसतं, तसं तेही तसंच राहिलं.

“ही सिस्टिम आहे म्हणून हे घर एकत्र आहे,” जावईबापू बायकोला म्हणाले.

“हो ना,” बायको हिशेबातून मान वर न करता म्हणाली.

अशात धाकट्याचं लग्न झालं. नवी सून आधी जिथे नोकरीला होती तिथे वेबसाइट बांधणं हे रोजचंच काम होतं. पण ती शहाणी मुलगी. सासरी आल्या आल्या उंटावर बसून सल्ले देऊ नयेत हे तिला कळत होतं, म्हणून बरेच दिवस ती गप्प राहिली. तिला गप्प बसू दिलं नाही ते फोन नंबरने.

झालं असं, की कारखान्याचा नंबर बदलला होता आणि वेबसाइटवर जुनाच होता. धाकट्याने नवा लिहिला, थोरल्याने नामंजूर केला. शेरा, ‘आकड्यांमध्ये जागा सोड’. धाकट्याने जागा सोडली. थोरल्याने पुन्हा नामंजूर केला. शेरा, ‘एवढी नको’. असं चालू असताना तो जुना नंबर एका नृत्यशिक्षिकेला मिळाला. एका मोठ्या बांधकामवाल्याने तिला फोन करून सांगितलं की शनिवारपर्यंत वीस हवेत. बाई म्हणाल्या, शनिवारी लहान मुलांचा वर्ग असतो, आणि एका वेळी वीस म्हणजे पाय एकमेकांच्या पायावर पडतील. बांधकामवाल्याने फोन ठेवला आणि पंप दुसरीकडून घेतले.

रात्रीच्या जेवणाला सासरेबुवांनी ही हकिगत सांगितली. धाकटी सून पाणी वाढता वाढता थांबली. “बाबा, रागावू नका, पण नंबर बदलायला एवढं लागत नाही हो. तयार सिस्टिम असते. बसवायला एक दिवस पुरेल.”

सासरेबुवांनी घास हातातच ठेवून जावईबापूंकडे पाहिलं, मग सुनेकडे. “बसवा,” ते म्हणाले.

जावईबापू मनात मोजू लागले. थोरल्याकडे विक्री होती, धाकट्याकडे कारखाना, बायकोकडे हिशेब. त्यांच्याकडे ‘सहज’ होती. ती गेली की उरणार नुसता जावई, वरच्या मजल्यावर राहणारा आणि दोन्ही वेळा खाली जेवायला येणारा. इतकी वर्षं जिच्यावर जीव टाकला तिला एका ‘बसवा’त उठवलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण तोंडावर त्यांनी मोठेपणा आणला. दुसऱ्या दिवशी ‘सहज’मधला सगळा मजकूर काढून त्यांनी सुनेच्या हवाली केला.

“घ्या वहिनी. सगळं आहे. मी काही लपवून ठेवणाऱ्यातला नाही.”

“भाऊजी, यात काही खास सांभाळायचं आहे का? काही खाचाखोचा?”

“छे! साधं सरळ आहे सगळं,” जावईबापू म्हणाले. चांदण्यांच्या ओळीचं ते विसरले, की विसरायचं ठरवलं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. झाकली मूठ होती, ती त्यांनी तशीच दुसऱ्याच्या हातात दिली.

नवी वेबसाइट सकाळी सुरू झाली. देखणी होती, नंबर बरोबर होता. आणि प्रत्येक पंपाच्या माहितीखाली, जगातल्या कुणालाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत, घरातल्यांचे सगळे शेरे होते.

जड पंपाच्या खाली धाकट्याने लिहिलं होतं, ‘याचा आवाज जास्त, पाणी कमी.’ त्याखाली थोरला, ‘पाणी कमी नाही, तुझी अक्कल कमी.’ त्याखाली पुन्हा धाकटा, ‘मग तुझ्या घरी बसव.’ मग सासूबाई, ‘भांडण पुरे, दोघेही वेळेवर जेवायला या, पोळ्या गार होतात.’ विहिरीच्या पंपाखाली, ‘याचं झाकण पावसात गळतं हे गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही?’ आणि त्यावर थोरला, ‘विचारलं तर सांगू.’ सगळ्यात शेवटी सासरेबुवा: ‘मंजूर.’

दुपारपर्यंत फोन घणघणायला लागला. लोक हसून हसून बोलत होते. एकाने विचारलं, “तो आवाज जास्तवाला नको, पण ज्याच्यावर तुमच्यात भांडण नाही असा एखादा आहे का?” दुसरा म्हणाला, “आई जेवायला बोलावतायत तो पंप कुठला?” गंमत म्हणजे इतके फोन कारखान्याला कधीच आले नव्हते. वेबसाइटवर पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलेलं लोकांना सापडलं होतं. पण ते हसण्यावारी नेण्याच्या मनःस्थितीत घरातलं कुणी नव्हतं. सासरेबुवांनी सगळ्यांना घरी, जेवणाच्या टेबलापाशी बोलावलं.

जावईबापू मुद्दाम जरा उशिरा आले. आरशात पाहून त्यांनी भांग नीट केला होता. आता अडला हरी! पाय धरायला येतील, आणि आपण एकदम हो म्हणायचं नाही, थोडं ताणायचं, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं. ते टेबलाच्या कडेला बसले आणि वाट पाहू लागले.

“भाऊजी,” सून लॅपटॉप उघडत म्हणाली, “त्या चांदण्या दिसल्या मला. त्यांच्याखालचं सगळं उडवायचं ना?”

“हो, म्हणजे… पण ते इतकं सोपं नाही, वहिनी. ‘सहज’ला माहीत होतं कुठे थांबायचं. हिला कोण सांगणार?”

“मी सांगते,” ती म्हणाली. बोटं थोडी चालली, आणि तिने पडदा सगळ्यांकडे वळवला. जड पंप होता, त्याची माहिती होती, आणि खाली काही नव्हतं. पोळ्यासुद्धा गेल्या होत्या.

जावईबापूंनी ताणायला घेतलेली दोरी हातातच राहिली. त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, कारण दोघे भाऊ भांडत होते. किती तरी काळाने, तोंडाने.

“तुझी अक्कल कमी असं जगासमोर लिहितोस?”

“जगासमोर कुठे? तुला लिहिलं होतं! आणि ते झाकण गळतं तर दुरुस्त का नाही करत?”

“तू ऐकतोस कुठे कधी!”

“आता ऐकतोय ना? बोल!”

धाकटा बोलला. बराच वेळ बोलला, थोरल्याने मधेमधे शिव्या दिल्या, आणि शेवटी जड पंपाचं पातं बदलून पाहायचं ठरलं. शेऱ्यांत जे वर्षानुवर्षं मिटलं नव्हतं ते एका चहात मिटलं. सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. थोरला हुश्श करून खुर्चीत रेलला. त्याचा जीव इतका हलका झाला होता, की मनात आलेलं तसंच तोंडातून निघालं.

“चला, सुटलो त्या मंजूर-नामंजूरमधून! पण बाबा, आता भाऊजींना कुठे गुंतवायचं?”

बोलल्यावर त्याने जीभ चावली. सासरेबुवा एकदम चष्मा पुसायला लागले.

“गुंतवायचं म्हणजे?” जावईबापूंनी विचारलं.

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. “आई, तुम्हाला फोटो बघायचे होते ना? तुमचाच निरोप होता.”

“मला काय कळतंय हो त्यातलं?” सासूबाई कळवळून म्हणाल्या. “मी न बघताच मंजूर करत होते. म्हटलं, तुम्ही एवढं हौसेने केलंय.”

“आणि बाबा? आधी तुम्हाला दिसलं पाहिजे, हे?”

सासरेबुवांनी चष्मा पुसून पुसून लख्ख केला. “अहो, ती हत्यारं लावलीत ना तुम्ही… फोरमन सोडून जायला निघाला होता. तुम्हाला काही बोलावं तर पोरीचं मन दुखणार. मग हिनेच सुचवलं, की…”

‘ही’ म्हणजे जावईबापूंची बायको. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. तिने मान खाली घातली नाही.

“मीच सांगितलं बाबांना. आणि दादालाही. दर थोड्या दिवसांनी काहीतरी मागत जा म्हटलं.”

“सगळं?”

“पहिली चौकट आणि ते बटण सोडून. ते खरंच हवं होतं, आणि तुम्ही ते फार छान केलं होतंत. त्यानंतरचं सगळं…” ती त्यांच्याकडे वळली. “काम असलं की तुम्ही गुणगुणत जिना चढायचात. काम नसलं की अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडायचात. मी काय करायला हवं होतं?”

जावईबापूंना राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. त्यांनी रात्ररात्र बसून बांधलेल्या पायऱ्या, ते रंग, ती बटणं, सगळं लहान मुलाला खुळखुळा द्यावा तसं दिलेलं होतं. आणि खुळखुळा वाजवत ते सगळ्या घराला सांगत होते की हे घर माझ्यामुळे एकत्र आहे. सगळे हो ना म्हणत होते. धाकट्या सुनेला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी लॅपटॉप मिटून, आपण कुणाच्या पायावर पाय दिला या विचाराने गोरीमोरी होऊन बसली होती.

जावईबापू उठले. “उद्यापासून मी बाहेर नोकरी बघतो,” ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तसा निघाला, ठाम. ते जिन्याकडे निघाले, आणि त्या चार पावलांत त्यांच्या मनात आलं, की बाहेर कोण घेणार? मुलाखतीत काय सांगायचं? ‘सहज’ दाखवायची? तिथे कुणी विचारलं, की हे इतकं कशासाठी, तर उत्तर काय? पहिल्या पायरीवर पाय ठेवून ते उभे राहिले. वरही जाववेना आणि मागेही वळवेना.

टेबलापाशी खुर्च्या सरकल्या. थोरला “भाऊजी, तसं नव्हतं म्हणायचं मला,” असं काहीसं पुटपुटला. आणि मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी सहज विचारल्यासारखा.

“जावईबापू, अहो, एक राहिलंच. घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस एका जागी दिसतील असं काही करता येईल का हो तुमच्या कॉम्प्युटरवर? माझ्या मेलीच्या लक्षातच राहत नाहीत.”

सासूबाईंना घरातल्यांचेच काय, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे आणि त्यांच्या नातवंडांचे वाढदिवस वारासकट तोंडपाठ होते. हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि जिन्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाही.

“आई, पुरे!” बायको ओरडलीच. “पुरे आता. नका ना असं करू त्यांना.”

जावईबापूंनी कठडा घट्ट धरला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मग त्यांनी घसा खाकरला.

“वाढदिवस तारखेने लावायचे,” त्यांनी विचारलं, “की मानाने?”